थंडी कमी असलेल्या ठिकाणी लवकर फुलणारे कंद: कुठले घ्यायचे, कसे लावायचे, हिवाळ्यात कसे सांभाळायचे

ट्युलिपचे सुंदर फोटो बघून कंद मागवायचे, मातीत पुरायचे, महिनोन् महिने पाणी घालायचं आणि शेवटी वर येतात नुसती पानं. किंवा फूल येतं पण ते पानांच्या बेचक्यात, जमिनीला टेकलेलं, दांडाच नाही. सौम्य हवामानात बागकाम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि मग सगळे म्हणतात की आमच्याकडे हे होतच नाही. होतं. फक्त पाकिटावर छापलेल्या सूचना कडक थंडीच्या प्रदेशासाठी लिहिलेल्या असतात आणि आपण त्या जशाच्या तशा पाळायला जातो. तिथे कंदाला थंडीपासून कसं वाचवायचं याची काळजी, आपल्याला थंडी कशी पुरवायची याची काळजी, आणि त्याहून मोठी काळजी म्हणजे मधेच येणारे उबदार दिवस आणि साचलेलं पाणी.

हा लेख ज्यांच्याकडे हिवाळा आहे पण सौम्य आहे, म्हणजे रात्री गारठा, कधीमधी गोठलेलं दंव (फ्रॉस्ट), पण जमीन गोठत नाही, अशांसाठी आहे. बारा महिने उकाडा असेल तर खाली दिलेलं निम्मंच लागू पडेल.

१. आधी आपला हिवाळा नीट बघा

कंद मागवायच्या आधी हे करा, नंतर नाही. गेल्या हिवाळ्याचं रात्रीचं तापमान हवामानाच्या कुठल्याही ॲपवर मागे जाऊन बघता येतं. बघायचं काय तर ९ अंशांच्या खाली रात्री किती आठवडे राहतात, आणि दंव पडतं का. सलग १२-१४ आठवडे तशा थंड रात्री असतील आणि दिवसाही फार ऊन तापत नसेल तर तुम्ही नशीबवान, बरेचसे कंद थेट जमिनीत लावता येतील. चार-पाच आठवडेच असतील तर ट्युलिप, हायसिंथ यांना फ्रीजची मदत लागणारच.

हे सगळं कशामुळे ते एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. बरेचसे रानटी ट्युलिप मूळचे मध्य आशियातल्या डोंगराळ भागातले, तिथे हिवाळा बर्फाचा आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. विकत घेतलेल्या ट्युलिप, डॅफोडिल किंवा हायसिंथच्या कंदात फुलाची कळी आधीच तयार होऊन बसलेली असते, मधोमध उभा कापला तर दिसते सुद्धा. पण दांडा लांब व्हायला थंडीचे आठवडे भरावे लागतात. ते भरले नाहीत तर कळी आतच सुकते नाहीतर बुटकं फूल येतं. म्हणजे खत जास्त घालून, पाणी वाढवून, उन्हात सरकवून काहीही उपयोग नाही, थंडीची कसर दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

२. हिवाळ्याला साजेसे कंद निवडा

नवीन माणसाने पहिल्याच वर्षी ट्युलिपच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कमी थंडीवर आनंदाने फुलणारे कितीतरी कंद आहेत आणि त्यातले बरेचसे ट्युलिपच्या आधी फुलतात.

बिलकुल थंडी न देता फुलणारे: सगळ्यात वर पेपरव्हाइट. हा नार्सिससचाच, म्हणजे डॅफोडिलच्या कुळातला प्रकार, एका दांड्यावर पांढऱ्या फुलांचा झुबका, लावल्यापासून साधारण ४ ते ६ आठवड्यांत फूल. वास मात्र उग्र असतो, काहींना आवडतो आणि काहींचं डोकं उठतं, त्यामुळे बंद खोलीत ठेवायच्या आधी विचार करा. मग फ्रीझिया, स्पॅरॅक्सिस, लॅकेनालिया, ही दक्षिण आफ्रिकेतली मंडळी, त्यांच्या मूळ ठिकाणी पावसाळी पण सौम्य हिवाळा असतो त्यामुळे आपलं हवामान त्यांना घरच्यासारखं. ॲनिमोन आणि रॅननक्युलस पण याच गटात, हे भूमध्य समुद्राच्या भागातले. इफियोन म्हणून एक छोटं निळसर ताऱ्यासारखं फूल आहे, दक्षिण अमेरिकेतलं, एकदा लावलं की आपलं आपण पसरतं आणि लोक त्याच्याकडे का दुर्लक्ष करतात हे मला कळत नाही.

थोडक्या थंडीवर भागणारे: डॅफोडिलमध्ये टॅझेटा आणि जॉनक्विला गटातले प्रकार घ्या, मोठ्या कर्ण्याच्या पिवळ्या डॅफोडिलपेक्षा हे उबदार हिवाळा जास्त सोसतात. 'तेत-आ-तेत' हा बुटका प्रकार कुंडीत छान होतो आणि लवकर फुलतो. ल्युकोजम म्हणजे स्नोफ्लेक, दिसायला स्नोड्रॉपच्या जवळचा पण ऊब कितीतरी जास्त सहन करणारा, म्हणून खऱ्या स्नोड्रॉपचा हट्ट सोडून हा लावा. ट्युलिप हवेच असतील तर 'क्लुसियाना', 'सॅक्सॅटिलिस', 'सिल्व्हेस्ट्रिस' हे रानटी ट्युलिप शोधा. फुलं लहान, पण उन्हाळा कोरडा असेल तर वर्षानुवर्षं परत येतात.

भरपूर थंडी मागणारे: बागेतले मोठे ट्युलिप, हायसिंथ, क्रोकस. यांना फ्रीज, आणि यांच्याकडून एकाच हंगामाची अपेक्षा.

३. घेताना काय बघायचं

कंद हातात घेतल्यावर टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. दाबल्यावर मऊ लागला, बुडाशी भुरा डाग असला, आंबूस वास आला तर घेऊ नका. वरचं कागदासारखं साल सुटलेलं असलं तर काही बिघडत नाही. सालावर निळसर बुरशीचा हलका थर असेल आणि खाली कंद टणक असेल तर पुसून लावता येतो.

आकार सेंटिमीटरमध्ये, कंदाच्या घेरावर मोजतात. ट्युलिपला १२ सेंमीच्या वर घेर असलेला, हायसिंथला १४-१६ चा पुरेसा. स्वस्त मिळतात म्हणून बारके कंद घेणं हा हमखास सापळा आहे, त्यांच्यात फुलाएवढा साठाच नसतो. दुसरा सापळा हंगाम संपताना लागणाऱ्या सेलचा. कंद कितीतरी दिवस उबदार दुकानात पडून असतात आणि फ्रीजमध्ये आठवडे भरायला तुमच्याकडे वेळही उरलेला नसतो. 'प्री-चिल्ड' (आधीच थंडी दिलेले) असं लिहिलेले कंद मिळाले तर उत्तम, पण ते आल्या आल्या लावायचे असतात किंवा फ्रीजमध्येच ठेवायचे, कपाटात नाही.

४. लागणारं सामान

- कागदी किंवा जाळीच्या पिशव्या, आणि नाव-तारीख लिहायला मार्कर
- हातमोजे, हायसिंथ हाताळताना तर पाहिजेतच कारण त्याने हाताला खाज सुटते
- खुरपं
- खाली भोकं असलेल्या कुंड्या, निदान २० सेंमी खोल
- पॉटिंग मिक्स, आणि त्यात मिसळायला पर्लाइट किंवा जाडी वाळू
- मातीत खुपसायचा थर्मामीटर, नसला तरी चालेल पण असला तर बराच अंदाजपंचे कारभार वाचतो
- दंवासाठी पातळ कापड किंवा जुनी चादर, आणि ती टेकवायला चार काठ्या
- नावाच्या पट्ट्या. कोंब सगळ्यांचे सारखेच दिसतात.

५. फ्रीजमधला हिवाळा

हा भाग नीट वाचा कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो.

कंद कोरडेच, कागदी पिशवीत, पिशवीचं तोंड अर्धवट उघडं, फ्रीजच्या खालच्या भागात ठेवायचे. तापमान ४ ते ७ अंश. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही, तिथे कंद गोठून मरतो. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. ट्युलिपला कमीत कमी ८ आठवडे, पण १२ ते १४ मिळाले तर दांडा छान लांब येतो. हायसिंथ आणि क्रोकसला साधारण ८ ते १२ आठवडे.

आणि त्या फ्रीजमध्ये फळं ठेवायची नाहीत. सफरचंद, केळी, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात, तो कंदातल्या कळीला मारतो. बाहेरून कंद अगदी ठणठणीत दिसतो, तुम्ही लावता, पानं येतात आणि फूल काही येत नाही, मग लोक कंद विकणाऱ्याला शिव्या घालतात. घरात एकच फ्रीज असेल तर फळं तेवढे महिने बाहेर ठेवा किंवा या फंदात पडू नका. पिशवीवर 'खायचे नाहीत' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, गंमत म्हणून सांगत नाहीये, डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मुलं, कुत्रा, मांजर असेल तर कंद त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत असे ठेवा.

दर पंधरवड्याला पिशवीत डोकावा, मऊ पडलेला कंद काढून टाका. छोटा कोंब आला तर घाबरू नका. बाहेर काढले की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी लावा, उबेत आठवडाभर ठेवलेत तर केलेल्या कष्टावर पाणी.

फ्रीझिया, ॲनिमोन, रॅननक्युलस, पेपरव्हाइट यांना फ्रीजमध्ये ढकलू नका. गरज नाही, आणि फ्रीझियाचं तर त्याने नुकसानच होतं.

६. कधी आणि किती खोल

पाकिटावरची तारीख विसरा, माती बघा. सकाळी १५ सेंमी खोलीवर मातीचं तापमान १५ अंशांच्या खाली आलं की ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिल लावायची वेळ झाली. उत्तर गोलार्धातल्या सौम्य भागात हे बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतं, दक्षिण गोलार्धात मे-जूनमध्ये. गरम मातीत घाई केली तर कंद कुजतो नाहीतर नुसती पानं उधळतो. फ्रीजमधल्या कंदांचे आठवडे याच तारखेपासून उलटे मोजायचे. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी लावायचे असतील तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते फ्रीजमध्ये गेलेले पाहिजेत.

खोलीचा सर्वसाधारण नियम म्हणजे कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट. ट्युलिप, डॅफोडिलसाठी १५ सेंमी धरा, उबदार भागात थोडं जास्त खोल गेलेलं बरं कारण खाली माती गार राहते. क्रोकस ८ ते १० सेंमी, फ्रीझिया ५ सेंमी, ॲनिमोन आणि रॅननक्युलस ४-५ सेंमी. टोक वर, चपटी बाजू खाली. रॅननक्युलसचा कंद पंजासारखा असतो, त्याची बोटं खाली करून. ॲनिमोनचा गड्डा बघून काहीच कळत नाही, तो आडवा लावला तरी कोंब आपली वाट शोधतो. या दोघांना लावायच्या आधी साध्या पाण्यात ३-४ तास भिजवा, रात्रभर नको, कुजतात.

चुकून वर लावला गेला तरी फ्रीझियासारखे काही कंद आपल्या मुळांनी स्वतःला हळूहळू खाली ओढून घेतात! पण म्हणून मुद्दाम वर लावू नका.

माती कुठलीही असो, पाणी थांबता कामा नये. चिकण माती असेल तर वाफा १५-२० सेंमी उंच करा किंवा सरळ कुंडीत लावा. सौम्य हवामानात थंडीने कंद मेला असं क्वचित होतं, कुजून मेला हे नेहमीचं. कुंडीत कंद एकमेकांना टेकू न देता पण जवळजवळ लावा, विरळ लावलेले ट्युलिप फारच केविलवाणे दिसतात.

७. पाणी आणि खत

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या म्हणजे मुळं सुटायला लागतील. मग कोंब दिसेपर्यंत बोट घालून बघायचं, वरची माती कोरडी असेल तरच पाणी. कोंब वर आला, कळी दिसली की मात्र कोरडं पडू द्यायचं नाही, त्या काळात पाणी कमी पडलं तर कळी उघडायच्या आधीच कागदासारखी वाळते. कोरडा हिवाळा असलेल्या ठिकाणी लोक 'थंडी आहे, पाणी कशाला' म्हणून हात आखडता घेतात आणि तिथेच फसतात.

खताचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या वर्षाचं जेवण कंद बरोबर घेऊनच आलेला असतो. चांगलं कुजलेलं कंपोस्ट पुरे. बोनमील (हाडांची पूड) घातलंत तर त्याच्या वासाने कुत्रा सगळा वाफा उकरून ठेवेल.

८. हिवाळ्याचे नखरे

*मधेच आलेला उबदार आठवडा.* ऐन थंडीत अचानक ऊन तापतं आणि कोंब भसाभस वर येतात, आपल्याला वाटतं आता दंव पडलं की सगळं संपलं. पानांचं काही होत नाही, कंदांची पानं चिवट असतात. करायचं एवढंच की कुंड्या सावलीत, भिंतीच्या थंड बाजूला सरकवा आणि जमिनीतल्या कंदांवर सुक्या पानांचं ५ सेंमी आच्छादन घाला म्हणजे माती गार राहील. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात आतून फार तापतात, कंदांसाठी त्या टाळाच, नसेल जमत तर बाहेरून कापड गुंडाळा.

*दंवाची रात्र.* आकाश निरभ्र, वारा पडलेला, संध्याकाळपासूनच हवा झपाट्याने गार, अशी लक्षणं दिसली की सावध व्हा. ढग असले तर ते रात्रभर पांघरुणासारखं काम करतात आणि दंव सहसा पडत नाही. थंड हवा जड असते, ती बागेतल्या सखल कोपऱ्यात साठते, म्हणून नाजूक कुंड्या तिथून उचला. संध्याकाळच्या आत माती ओली करून ठेवा, ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. डॅफोडिल, ट्युलिप यांच्या पानांना काही झाकायची गरज नाही. फ्रीझिया, पेपरव्हाइट आणि उघडायला आलेल्या रॅननक्युलसच्या कळ्या झाका, काठ्यांवर कापड टाकून, कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे म्हणजे मातीची ऊब आत अडकते. प्लास्टिक नको, जिथे पानाला चिकटतं तिथे पान करपतं. सकाळी ऊन आलं की कापड काढा.

आणि सकाळी बागेत गेल्यावर डॅफोडिल आडवे पडलेले दिसले तर हात लावू नका! खरंच, काहीही करू नका. गोठवणाऱ्या थंडीत पानांच्या पेशींतलं पाणी बाहेर सरकतं, त्यामुळे दांडे लुळे पडतात, आणि ऊन चढलं की पुन्हा उभे राहतात. गोठलेला दांडा काठीला बांधायला गेलात तर तो मोडतो. गरम पाणी ओतणारेही लोक आहेत, ते तर अजिबातच नको. दुपारपर्यंत वाट बघा आणि तोवरही उभा राहिला नाही तर कापून घरात फुलदाणीत लावा. फक्त डॅफोडिल आणि ट्युलिप एकाच पाण्यात एकदम ठेवू नका, डॅफोडिलच्या दांड्यातला चीक ट्युलिपला बाधतो. डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून, दांडा परत न कापता मग एकत्र करता येतात.

*लांबलेला पाऊस.* कुंड्यांखाली विटा किंवा लाकडाचे तुकडे ठेवून त्या जमिनीपासून उचला, बशा काढून टाका. सलग पाऊस लागला तर कुंड्या छपराखाली. ट्युलिपच्या पानांवर वेडेवाकडे करपट डाग आणि राखाडी बुरशी दिसली तर ते झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, हा रोग शेजारच्या ट्युलिपवर पटकन जातो, आणि त्या मातीत पुढची निदान तीन वर्षं ट्युलिप लावू नका.

*फुलं आल्यावर चढलेलं ऊन.* ट्युलिपची फुलं उबेने उघडतात आणि गारव्याने मिटतात, त्यामुळे गरम दुपारी ती पसरट होऊन चार दिवसांत गळतात, तीच गार हवेत दोन आठवडे टिकतात. कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवा. जमिनीत लावणार असाल तर जागा निवडतानाच हा विचार करा.

९. खारी, उंदीर, गोगलगायी

खारी आणि उंदीर ट्युलिप, क्रोकस आवडीने उकरून खातात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. कंदांवर मातीच्या थराखाली जाळी अंथरली की काम झालं, कोंब जाळीतून वर येतात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचा. मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा.

१०. माती नको असेल तर

पेपरव्हाइटचे कंद उथळ भांड्यात खड्यांवर बसवा, पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम लागेल इतकंच. कंद पाण्यात बुडाला तर सडतो. अडचण एकच, घरात ते उंच वाढून कोलमडतात. यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक भन्नाट उपाय प्रसिद्ध केला: कोंब ३-५ सेंमी झाले की साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी द्यायचं, झाडं एक तृतीयांश ते निम्म्याने बुटकी राहतात आणि फुलं तेवढीच येतात. बिअर किंवा गोड वाइन चालत नाही, त्यातली साखर त्रास देते. व्होडका, जिन अशी ४० टक्केवाली दारू असेल तर एक भाग दारू आणि सात भाग पाणी.

११. फुलं ओसरल्यावर

सुकलेलं फूल खुडा, पानं ठेवा. पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, त्यांना कापायचं नाही, वेणी घालायची नाही, गाठी मारायच्या नाहीत. पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जोरावर तयार होतं. दिसायला खराब दिसतं हे मान्य, पुढे दुसऱ्या कुंड्या ठेवून झाका.

फ्रीजमधून आलेले ट्युलिप आणि हायसिंथ यांना मात्र निरोप द्या. सौम्य हवामानात ते पुन्हा फुलण्याइतके कंद भरत नाहीत, बहुतेक वेळा पुढच्या वर्षी एकेक पान येतं आणि जागा अडते. खड्यांवर पाण्यात वाढवलेला पेपरव्हाइटही टाकून द्या, मातीत लावलेला असेल तर राहू द्या. टॅझेटा डॅफोडिल, ल्युकोजम, इफियोन जागेवरच ठेवा, पाणी हळूहळू कमी करा आणि उन्हाळाभर शक्य तितकं कोरडं. उन्हाळ्यात पाऊस पडत असेल तर फ्रीझिया आणि रॅननक्युलस पानं वाळल्यावर काढून, सावलीत सुकवून जाळीच्या पिशवीत टांगा. पिशवीवर नाव आत्ताच लिहा, सुकलेल्या कंदांतला कुठला काय ते नंतर आठवत नाही. डॅफोडिलची गर्दी होऊन फुलं कमी व्हायला लागली, साधारण तीन-चार वर्षांनी होतं असं, तर पानं पिवळी पडत असतानाच जुडगा उकरून कंद सुटे करा, कारण पानं पूर्ण गेल्यावर कंद नक्की कुठे आहे ते खुरप्याचा घाव बसल्यावरच कळतं.